स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई आणि सागांमधली भाऊबंदकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइसलँडच्या सागा, म्हणजे तिथल्या जुन्या गद्य हकिकती, वाचणाऱ्यांच्या गप्पांत १०६६ सालची एक लढाई हटकून निघते. लढाई झाली इंग्लंडात, पण तिची सगळ्यात गाजलेली हकिकत लिहिली गेली आइसलँडात, तीही सुमारे १६० वर्षांनी. त्या हकिकतीच्या मधोमध दोन सख्खे भाऊ समोरासमोर उभे आहेत. त्यांच्याबद्दल जे पुन्हापुन्हा विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे एका ठिकाणी दिली आहेत.

कोणती लढाई? कोण कोणाविरुद्ध लढलं?

सोमवार, २५ सप्टेंबर १०६६. जागा स्टॅमफर्ड ब्रिज, उत्तर इंग्लंडातल्या यॉर्क शहराच्या पूर्वेला, डरवेंट नदीकाठी. एका बाजूला इंग्लंडचा राजा हॅरल्ड गॉडविन्सन. दुसऱ्या बाजूला नॉर्वेचा राजा हाराल्ड सिगुर्डसन आणि त्याच्या सोबतीला इंग्लंडच्या राजाचाच सख्खा भाऊ टॉस्टिग. इंग्रज जिंकले. नॉर्वेचा राजा पडला, टॉस्टिगही पडला. तीनच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, नॉर्मंडीचा विल्यम दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जच्या रणात हॅरल्डही मारला गेला.

दोन्ही राजे हॅरल्डच? वाचताना घोटाळा होतो.

सगळ्यांचाच होतो. नाव मुळात एकच आहे. इथे इंग्लंडच्या राजाला ‘हॅरल्ड’ आणि नॉर्वेच्या राजाला ‘हाराल्ड’ म्हटलं आहे. नॉर्वेच्या हाराल्डला ‘हार्दराडा’ म्हणजे कठोर शासन करणारा असंही म्हणतात. पंधराव्या वर्षी, १०३० साली स्टिकलस्टाडच्या रणात तो आपला सावत्र भाऊ ओलाफ याच्यासाठी लढला. ओलाफ तिथे पडला आणि पुढे संत ठरला. हाराल्ड जखमी होऊन निसटला, रशियामार्गे कॉन्स्टँटिनोपलला गेला, तिथे बादशहाच्या परदेशी पहारेकऱ्यांत नाव आणि पैसा कमावून परतला आणि राजा झाला. १०६६ मध्ये तो पन्नाशीचा होता.

दोन भावांचं बिनसलं कशावरून?

आधी इतिहास, मग सागा. गॉडविन हा वेसेक्सचा अर्ल, म्हणजे आपल्या भाषेत बलाढ्य सुभेदार. १०५३ साली तो वारला आणि त्याची जागा हॅरल्डला मिळाली. १०५५ मध्ये टॉस्टिगला नॉर्थम्ब्रिया हा उत्तरेचा प्रांत मिळाला. त्यांची बहीण ईडिथ ही एडवर्ड राजाची राणी. सगळं राज्य एका घरात आल्यासारखं झालं होतं.

टॉस्टिगचा कारभार उत्तरेच्या सरदारांना मानवला नाही. करांचा बोजा होताच. शिवाय गॅमेल आणि उल्फ या दोघांना त्याने अभय देऊन यॉर्कला बोलावलं आणि ते त्याच्याच दालनात मारले गेले. ऑक्टोबर १०६५ मध्ये बंडखोर यॉर्कमध्ये घुसले, टॉस्टिगची माणसं कापली, खजिना लुटला आणि मॉरकार नावाच्या तरुणाला आपला अर्ल म्हणून निवडलं. बोलणी करायला राजाने हॅरल्डलाच पाठवलं. बंडखोर मागे हटेनात, तेव्हा हॅरल्डने त्यांची मागणी मान्य करवून घेतली. टॉस्टिगला देश सोडावा लागला.

राणी ईडिथसाठी लिहिलेल्या एडवर्डच्या लॅटिन चरित्रात या भांडणाची हकिकत फार जवळून दिली आहे. टॉस्टिगने भरसभेत आरोप केला की हे बंड हॅरल्डनेच पेटवलं, आणि हॅरल्डने शपथ घेऊन तो नाकारला. घरातलं भांडण दरबारात शपथेपर्यंत गेलं की पुढे सांधायला काही उरत नाही. ५ जानेवारी १०६६ ला एडवर्ड निपुत्रिक वारला, दुसऱ्या दिवशी हॅरल्डचा राज्याभिषेक झाला, आणि टॉस्टिग मदत शोधत दारोदार फिरू लागला.

सागा हेच भांडण कसं सांगते?

वेगळ्या पायावर. सागेत टॉस्टिग थोरला आहे आणि हॅरल्ड धाकटा. प्रत्यक्षात उलट होतं. इतकंच नाही, ज्याने टॉस्टिगची जागा घेतली तो मॉरकारसुद्धा सागेत गॉडविनचाच मुलगा होऊन बसला आहे, आणि वॉल्थिऑफ हा आणखी एक परका सरदारही.

ही नुसती चूक म्हणून सोडून देता येते. पण कथेवर तिचा परिणाम काय होतो ते पाहावं. थोरला डावलला गेला आणि राजाच्या मांडीवर वाढलेला धाकटा सिंहासनावर बसला, असं म्हटलं की गॅमेल, उल्फ, कर, बंड या सगळ्याची गरजच संपते. उरते ती शुद्ध भाऊबंदकी. आइसलँडच्या शेतकऱ्याला नॉर्थम्ब्रियाचा महसूल समजावून सांगावा लागला असता; डावललेल्या थोरल्या भावाचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

मग सागेतला टॉस्टिग डेन्मार्कला जातो. तिथला राजा स्वेन त्याचा मामेभाऊ, पण तो नाही म्हणतो. तिथून तो नॉर्वेला जातो आणि हाराल्डला इंग्लंडच्या सिंहासनाची भूल घालतो. आंग्ल-सॅक्सन इतिवृत्तात, म्हणजे इंग्रजांच्या वर्षवार नोंदींत, मात्र त्याचा हा उन्हाळा किनाऱ्यावर लुटालूट करण्यात आणि नंतर स्कॉटलंडच्या राजाकडे गेलेला दिसतो.

सागा म्हणजे नक्की काय? आपल्या बखरीसारखं काही?

बखर वाचलेल्या माणसाला सागा परकी वाटत नाही. दोन्ही गद्य, दोन्ही घटनेनंतर लिहिलेल्या, दोन्हींत माणसं समोर बसून बोलल्यासारखी बोलतात आणि आकडे जरा ऐसपैस असतात. फरक स्वराचा आहे. बखरकार हळहळतो, उपमा देतो, दैवाला बोल लावतो. सागाकार कुणाच्या मनात शिरत नाही. कोण काय म्हणालं आणि कोणी काय केलं एवढंच सांगतो, आणि निवाडा ऐकणाऱ्यावर सोडतो.

या लढाईची हकिकत तीन मोठ्या राजसागांत आहे: मोर्किनस्किना, फागुरस्किना आणि हाइम्सक्रिंग्ला. तिन्ही साधारण १२२० ते १२३० च्या दरम्यानच्या. हाइम्सक्रिंग्ला स्नोरी स्टुर्लुसनची मानली जाते, आणि पुढे जिथे ‘सागा’ म्हटलं आहे तिथे मुख्यतः तीच समजावी.

या गद्याच्या मधेमधे दरबारी कवींची कवनं येतात. त्यांच्या छंदात ओळीला सहा अक्षरं, ठरलेले अनुप्रास आणि ओळीच्या पोटात यमकं असतात. एक शब्द बदलला तरी कवन मोडतं, म्हणून ती दीडदोनशे वर्षं तोंडी टिकली. स्नोरी प्रस्तावनेत सांगतो की त्याचा भरवसा या कवनांवर आहे, कारण राजासमोर उभं राहून त्याने न केलेले पराक्रम गाण्याची कुणाची छाती होणार नाही. ती स्तुती नव्हे, टवाळी ठरेल. लढाईत हाराल्डसोबत असलेला थ्योडॉल्फ आर्नोर्सन हा असाच कवी. त्याच्या ओळी म्हणजे रणातून आलेली साक्ष आहे. संवाद मात्र नंतरच्या लेखणीचे आहेत, हे भान ठेवून वाचावं.

लढाईआधी अपशकुन झाले असं म्हणतात, ते कोणते?

एक तर स्वप्नं. राजाच्या जहाजावर झोपलेल्या गिर्ड नावाच्या माणसाला बेटावर उभी असलेली एक धिप्पाड राक्षसी दिसली, एका हातात सुरा आणि दुसऱ्या हातात परात घेतलेली. प्रत्येक जहाजावर पक्षी बसले होते. दुसऱ्या एकाला दिसलं की इंग्रज सैन्यापुढे लांडग्यावर बसलेली राक्षसी चालली आहे आणि लांडग्याच्या तोंडात माणसाचं प्रेत आहे. एक संपलं की ती दुसरं भरवते. खुद्द हाराल्डला स्वप्नात दिवंगत भाऊ ओलाफ भेटला आणि त्याने मरणाची सूचना दिली.

मला या सगळ्यात भिडतं ते स्वप्न नाही, निघण्याआधीचं एक कृत्य. हाराल्डने ओलाफची शवपेटी उघडली, संताचे केस आणि नखं कापली, पेटीला पुन्हा कुलूप लावलं आणि किल्ल्या नदीत फेकून दिल्या. भावाचं शेवटचं दर्शन घेऊन, परत कधी दार उघडायचं नाही असं ठरवून तो निघाला. भावांच्या या गोष्टीत हा तिसरा भाऊ, मेलेला, सुरुवातीपासून हजर आहे.

लढाईच्या दिवशी नॉर्वेच्या सैन्याजवळ चिलखतं का नव्हती?

कारण त्या दिवशी लढायचंच नव्हतं. २० सप्टेंबरला यॉर्कजवळच्या फुलफर्डला त्यांनी उत्तरेच्या सरदारांचा धुव्वा उडवला होता. सागा म्हणते की दलदलीत इतकी प्रेतं पडली की नॉर्वेचे लोक पाय ओले न करता त्यावरून पलीकडे गेले. रविवारी यॉर्क शरण आलं. सोमवारी फक्त ओलीस ताब्यात घ्यायचे होते. ऊन कडक होतं. ढाल, शिरस्त्राण, भाला, तलवार घेऊन लोक हसतखेळत निघाले. चिलखतं जहाजांवर ठेवली, पाचसहा तासांच्या पायपिटीवर मागे. एक तृतीयांश सैन्यही तिथेच राहिलं.

आणि समोरून धूळ उठली. इंग्लंडचा हॅरल्ड दक्षिणेतून सुमारे ३०० किलोमीटर अंतर चारेक दिवसांत तोडून आला होता. सागा धुळीखालचं दृश्य एका वाक्यात देते: सैन्य जवळ येत गेलं तसतसं मोठं दिसू लागलं, आणि शस्त्रं अशी लकाकत होती की जणू फुटलेल्या बर्फाकडे पाहतोय. उन्हाळी दिवशी बर्फाची उपमा! ती फक्त आइसलँडच्या माणसालाच सुचावी.

टॉस्टिगने जहाजांकडे परतायचा सल्ला दिला. हाराल्डने तो मानला नाही, तीन वेगवान स्वार मदत आणायला पाठवले आणि तिथेच फळी उभी केली.

दोन भावांच्या भेटीचा तो प्रसंग काय आहे?

याच्यासाठीच लोक हा भाग वाचतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी हाराल्ड आपल्या काळ्या घोड्यावरून फळीची पाहणी करताना पडतो. उठता उठता म्हणतो, “पडणं हा प्रवासाचा शुभशकुन.” पलीकडे इंग्लंडचा हॅरल्ड आपल्याकडच्या नॉर्वेच्या लोकांना विचारतो, तो निळ्या अंगरख्यातला दांडगा माणूस कोण पडला? राजाच, असं कळल्यावर म्हणतो, “माणूस मोठा आणि रुबाबदार आहे, पण त्याचं नशीब संपलेलं दिसतंय.”

मग वीस स्वार पुढे येतात. चिलखत माणसांच्या अंगावर, घोड्यांच्याही अंगावर. त्यातला एक विचारतो, “अर्ल टॉस्टिग या सैन्यात आहेत का?”

टॉस्टिग म्हणतो, “नाही कशाला म्हणू, तो इथेच सापडेल.”

“तुमचे बंधू हॅरल्ड यांचा निरोप आहे. तुम्हाला अभय आणि सगळा नॉर्थम्ब्रिया. एवढ्यावर तुम्ही त्यांच्या बाजूला येणार नसाल तर राज्याचा तिसरा हिस्साही द्यायला ते तयार आहेत.”

टॉस्टिग म्हणतो की गेल्या हिवाळ्यात वैर आणि अपमान मिळाला, त्यापेक्षा हे वेगळं आहे. हेच तेव्हा दिलं असतं तर आज मेलेले कितीतरी जण जिवंत असते. मग विचारतो, “मी हे घेतलं, तर हाराल्ड महाराजांना त्यांच्या श्रमाबद्दल काय मिळेल?”

“त्याबद्दलही ते बोललेत. सात फूट जमीन. किंवा ते इतरांपेक्षा उंच आहेत, तेवढी जास्त.”

“मग जाऊन हॅरल्ड राजांना सांगा, लढाईची तयारी करा. टॉस्टिगने हाराल्ड महाराजांना इंग्लंडात आणलं आणि लढायची वेळ आली तेव्हा शत्रूच्या गोटात गेला, असं नॉर्वेत कुणी म्हणता कामा नये.”

स्वार परत गेले. हाराल्डने विचारलं, “एवढं चांगलं बोलणारा तो माणूस कोण होता?”

“तेच हॅरल्ड गॉडविन्सन.”

“हे माझ्यापासून फार वेळ लपवलंत. इतके जवळ आले होते ते, की आपल्या माणसांच्या मरणाची बातमी सांगायला हा हॅरल्ड उरला नसता.”

टॉस्टिग म्हणाला, “खरं आहे महाराज. एवढ्या मोठ्या माणसाने इतकं बेसावध यायला नको होतं. पण तो मला अभय आणि मोठं राज्य द्यायला आला होता. मी त्याचं नाव सांगितलं असतं तर त्याचा मारेकरी मी ठरलो असतो. त्यापेक्षा तो माझा मारेकरी झालेला बरा.”

हाराल्ड आपल्या माणसांकडे वळून एवढंच म्हणाला, “लहानखुरा माणूस होता, पण रिकिबीत ताठ उभा होता.”

टॉस्टिगने भावाची ओळख का लपवली? सागा काय म्हणते?

वरच्या उत्तरापलीकडे सागा काही म्हणत नाही, आणि तीच तिची ताकद आहे. टॉस्टिगला दोन दारं उघडी होती. भावाचा हिस्सा घेतला तर ज्याला आपण आणलं त्या राजाशी दगा. भावाचं नाव उच्चारलं तर भावाचा खून. तो दोन्ही करत नाही. जिवंत राहण्याचे दोन्ही रस्ते स्वतःच्या हाताने बंद करतो.

लिहिण्याची युक्तीही पाहण्याजोगी आहे. निवेदक त्या स्वाराचं नाव आपल्यालाही सांगत नाही. तो नुसता ‘एक स्वार’ असतो. म्हणजे टॉस्टिगने तोंड मिटून धरलं तितका वेळ लेखकानेही धरलं. दोघे भाऊ एकमेकांना ओळखतात, दोघांनाही ते ठाऊक आहे, आणि तरी दोघे तिसऱ्या माणसाचा निरोप असल्यासारखे बोलत राहतात. घराच्या वाटणीत वकिलासमोर बसलेले भाऊ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे बोलणं ओळखीचं वाटेल.

अशी भेट खरोखर झाली होती का?

बहुधा नाही. लढाईच्या जवळच्या काळातल्या एकाही इंग्रज नोंदीत ती नाही. राजाने ओळख लपवून शत्रूच्या फळीपाशी जाणं हे कथेतच शोभतं.

भाषेचा प्रश्न मात्र आड येत नाही. तो वारंवार विचारला जातो म्हणून सांगते: या भावांची आई गीथा डेन्मार्कच्या मोठ्या घराण्यातली. हॅरल्ड, टॉस्टिग, स्वेन, गिर्थ ही मुलांची नावंच नॉर्स, म्हणजे नॉर्वे-डेन्मार्ककडच्या जुन्या भाषेतली आहेत. त्यांना नॉर्वेचं बोलणं डोक्यावरून जाण्याचं काही कारण नव्हतं.

लढाईचं वर्णन कितपत विश्वासार्ह आहे? इंग्रजांकडे घोडदळ होतं का?

इथे सागा सगळ्यात कच्ची आहे. तिच्यात इंग्रज घोड्यांवरून चाल करून येतात. हाराल्ड आपली फळी लांब आणि पातळ करून तिची दोन्ही टोकं मागे वळवून जुळवतो, म्हणजे ढालींचं कडं तयार होतं. पहिल्या रांगेने भाल्यांची बुडं जमिनीत रोवून टोकं स्वारांच्या छातीवर धरायची, दुसऱ्या रांगेने घोड्यांच्या छातीवर. इंग्रज हुलकावणी देत मागे हटतात, नॉर्वेचे लोक पाठलागाच्या भरात कडं मोडतात आणि तिथेच घात होतो. शेवटी राजाच्या गळ्यात बाण लागतो.

इंग्रज सरदार रणापर्यंत घोड्यावर येत, पण लढत पायी, असंच बहुतेक पुरावे सांगतात. आणि ढालींची फळी, समोरून घोडदळ, पाठलागात मोडलेली रांग, राजाला लागलेला बाण, हे सगळं हेस्टिंग्जच्या हकिकतींतही आहे. तीन आठवड्यांच्या अंतराने झालेल्या दोन लढाया लोकांच्या तोंडी एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असं अनेक इतिहासकारांना वाटतं. मलाही ते पटतं.

पण चिलखत नव्हतं ही गोष्ट पक्की धरायला हरकत नाही. खुद्द हाराल्डच्या तोंडी ते कवन आहे: आम्ही चिलखताविना चालतो निळ्या पात्यांखाली, शिरस्त्राणं झळकतात, माझं चिलखत अंगावर नाही, आमचा साज खाली जहाजांवर पडलाय. म्हणून झाल्यावर तो म्हणतो, हे बरं जमलं नाही, दुसरं करतो. आणि अधिक अवघड छंदात दुसरं कवन रचतो. समोर मरण उभं आणि हा माणूस कवनाचा खर्डा सुधारतोय. त्याच्या त्या मागे राहिलेल्या लांब चिलखताला नाव होतं, एम्मा.

पुलावर एकट्याने इंग्रज सैन्य अडवणारा तो योद्धा कुठल्या सागेत आहे?

या राजसागांत तो नाहीच. ही गोष्ट इंग्रजांकडची. आंग्ल-सॅक्सन इतिवृत्ताच्या एका प्रतीच्या शेवटी नंतरच्या हस्ताक्षरात ती जोडलेली आहे: नॉर्वेचा एक जण पूल अडवून उभा राहिला, बाणाने हटेना, शेवटी कुणीतरी पुलाखालून जाऊन चिलखताखालून भाला खुपसला. पुढे बाराव्या शतकात हंटिंगडनच्या हेन्रीने त्याच्या कुऱ्हाडीने चाळीस जण मारले असंही लिहिलं. पराभूतांचा सगळ्यात मोठा पराक्रम विजेत्यांनी जपून ठेवला. सागेत पुलाचं नाव येतं, पण त्यावर झुंज नाही.

‘ओरीचं वादळ’ म्हणजे काय?

हाराल्ड पडल्यावर टॉस्टिगने राजाचं निशाण हाती घेतलं. लढाई थोडी थांबली. हॅरल्डने पुन्हा भावाला आणि उरलेल्यांना अभय देऊ केलं. सगळे एकदम ओरडले की इंग्रजांकडून अभय घेण्यापेक्षा एकमेकांच्या अंगावर पडून मरू. तेवढ्यात जहाजांकडून आयस्टाइन ओरी ताजी कुमक घेऊन पोचला. ही शेवटची झुंज सगळ्यात भयंकर झाली, म्हणून ‘ओरीचं वादळ’. ही माणसं चिलखत घालून, भर उन्हात इतकी धावत आली होती की लढायची ताकदच उरली नव्हती. पुढे त्यांनी चिलखतं काढून फेकली. काही जण एकही जखम न होता नुसते धाप लागून मेले.

यानंतर सागा एकदम एका माणसाच्या मागे जाते. राजाचा सेनाधिकारी स्टिर्कार घोड्यावरून निसटतो. संध्याकाळी वारा सुटतो, गारठा पडतो, आणि त्याच्या अंगात फक्त सदरा. वाटेत एक गाडीवान भेटतो, अंगात अस्तराचा कोट. स्टिर्कार म्हणतो, कोट विकतोस का? गाडीवान म्हणतो, तुला नाही, तू नॉर्वेचा, बोलण्यावरून ओळखलं. मग काय करशील? तुला मारलं असतं, पण हाताशी हत्यार नाही. तुला मला मारता येत नाही, तर मला तुला मारता येतंय का पाहतो, असं म्हणून स्टिर्कार त्याचं डोकं उडवतो, कोट घालतो आणि जहाजांकडे जातो. सकाळच्या उन्हाने घात केला आणि संध्याकाळच्या थंडीने एका गाडीवानाचा जीव घेतला. सागाकार दोन्ही जोडून दाखवत नाही.

किती लोक मेले?

नेमका आकडा देण्यात अर्थ नाही. इतिवृत्त म्हणतं की हाराल्ड ३०० जहाजं घेऊन आला आणि वाचलेले २४ जहाजांत मावले. सागेत जहाजं ‘दोनशेच्या आसपास’ आहेत, पण जुन्या नॉर्स हिशेबात शेकडा १२० चा असे, त्यामुळे ती २४० च्या घरात जातात.

बंडखोर भाऊ असूनही सागा टॉस्टिगला एवढा मान का देते?

एक कारण घरगुती आहे. सागेनुसार टॉस्टिगची मुलं स्कुली आणि केटिल वाचलेल्यांबरोबर नॉर्वेला गेली आणि तिथेच रुजली. स्कुलीच्या वंशात पुढे राजा इंगी आणि ड्यूक स्कुली बार्डसन झाले. हा ड्यूक स्कुली म्हणजे स्नोरीचा यजमान आणि आश्रयदाता. १२१८ ते १२२० या काळात स्नोरी नॉर्वेत त्याच्याकडे राहिला, त्याच्या आणि तरुण राजा हाकोनच्या स्तुतीत दीर्घ काव्य रचलं. आश्रयदात्याचा पूर्वज भेकड किंवा दगाबाज कसा दाखवणार? पण नुसत्या खुशामतीने तो घोड्यावरचा संवाद लिहून होत नाही.

स्नोरीला स्वतःला भाऊबंदकीचा अनुभव होता का?

भरपूर. ड्यूक स्कुलीने १२४० साली राजाविरुद्ध बंड करून जीव गमावला, पण स्नोरीचं घर त्याआधीच फुटलं होतं. त्याचा भाऊ सिगव्हाट आणि सिगव्हाटचा मुलगा स्टुर्ला यांच्याशी सत्तेवरून त्याची वर्षानुवर्षं ओढाताण चालली. हाइम्सक्रिंग्ला लिहिली जात होती त्याच सुमारास ठिणग्या पडत होत्या. १२३६ मध्ये भावाच्या बाजूने त्याला बोर्गारफ्योर्ड या त्याच्या मुलखातून हुसकावलं आणि पुढच्या वर्षी तो नॉर्वेला निघून गेला. ऑगस्ट १२३८ मध्ये ओर्लिग्सस्टाडिरच्या लढाईत सिगव्हाट आणि स्टुर्ला मारले गेले. २३ सप्टेंबर १२४१ च्या रात्री स्नोरीच्याच एकेकाळच्या जावयाने, गिसूरने, माणसं घेऊन रेकहोल्टच्या घरावर धाड घातली आणि स्नोरी तळघरात मारला गेला. ही सगळी हकिकत आपल्याला त्याच्या पुतण्याने, स्टुर्ला थोर्डार्सनने, लिहून ठेवली आहे.

इतर सागांत अशा भावांच्या जोड्या आहेत का?

आहेत. एरिक ‘रक्तकुऱ्हाड’ याने सिंहासनासाठी सावत्र भावांना मारलं, ते हाइम्सक्रिंग्लातच येतं. पण मी वाचकांना उलटी बाजूही वाचायला सांगते: एगिलची सागा. थोरोल्फ आणि एगिल हे भाऊ इंग्लंडच्या अथेल्स्टनसाठी लढतात आणि थोरोल्फ पडतो. त्याला पुरून एगिल राजाच्या मेजवानीत येऊन बसतो, शिरस्त्राण न काढता, मांडीवर तलवार. ती अर्धी बाहेर काढतो, पुन्हा म्यानात खुपसतो. एक भुवई गालापर्यंत खाली, दुसरी केसांपर्यंत वर. पीत नाही, बोलत नाही. राजा हातातलं सोन्याचं कडं काढतो, तलवारीच्या टोकावर अडकवतो आणि आगीवरून पुढे करतो. एगिलही ते तलवारीच्या टोकानेच घेतो, दंडात घालतो, आणि मग कुठे भुवया जागेवर येतात.

फुटबॉलचं स्टॅमफर्ड ब्रिज हेच का?

नाही. ते मैदान लंडनमध्ये आहे. लढाईचं गाव यॉर्कशायरमध्ये.

टॉस्टिगचा शेवट कसा झाला? आणि त्या आईचं काय?

टॉस्टिग कसा पडला, कुणाच्या हातून, हे सागा सांगत नाही. बाराव्या शतकातला इंग्रज लेखक माम्सबरीचा विल्यम म्हणतो की प्रेतांच्या राशीत तो खांद्यांमधल्या चामखिळीवरून ओळखला गेला आणि यॉर्कला पुरला. अंगावरची चामखीळ ठाऊक असणारं माणूस घरचंच असावं लागतं.

स्नोरी हाराल्डच्या बाजूची बायकामुलं विसरत नाही: बाप पडला त्याच दिवशी, त्याच घटकेला ऑर्कनी बेटांवर त्याची मुलगी मारिया अचानक गेली, असं तो लिहितो. गीथाच्या दुःखाबद्दल मात्र त्याच्याकडे ओळ नाही. २५ सप्टेंबरला तिचा टॉस्टिग गेला, हॅरल्डच्या सैन्याशी लढताना. १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्जला हॅरल्ड, गिर्थ आणि लिओफविन गेले. एकोणीस दिवसांत चार मुलगे. इतिवृत्तात तिची नोंद येते ती एवढीच, की ती इतर मोठ्या घरच्या बायकांसोबत फ्लॅटहोम नावाच्या बेटावर जाऊन राहिली आणि तिथून समुद्रापार सेंट-ओमेरला गेली. फ्लँडर्समधलं हे तेच गाव, जिथे हद्दपार झालेल्या टॉस्टिगला पहिल्या हिवाळ्यात घर मिळालं होतं.